मंगळवारची हेरिंग

१

पत्र उघडताना बोडिलच्या हाताला कांद्याचा वास होता. वाचून संपताच ती आपल्या तळघरातल्या खाणावळीच्या पायरीवर मटकन बसली.

पत्र मध्यान्ह मंडळाचं होतं. कोपनहेगनमध्ये दुपारचं खरं जेवण कुठं मिळतं, ते ठरवणारं हे मंडळ. जेवणाच्या जागा शहरात ढिगानं आहेत, पण मंडळाचा पितळी मासा दारावर बसवलेल्या जागा फक्त बारा. परदेशातून आलेला माणूस विमानातून उतरतो तोच मुळी या बारांची यादी खिशात घेऊन. बोडिलच्या दारावर तो मासा चार वर्षं होता.

"मंगळवारी आमच्या परीक्षकांनी आपल्याकडे हेरिंग खाल्ली," पत्रात लिहिलं होतं. "ती कारखान्यातली, बरणीतली होती. मुलांच्या गोळ्यांसारखी गोड, आणि सगळे तुकडे यंत्राने कापल्यासारखे सारखे. शुक्रवारी बारा वाजता अध्यक्ष आणि परीक्षक येतील. आपले काही म्हणणे असल्यास तेव्हा सांगावे. अन्यथा मासा काढून नेण्यात येईल."

बरणीतली हेरिंग! आणि तीही बोडिल राउनकिल्डच्या तळघरात! अहो, एकतीस वर्षं ही बाई हेरिंगचे खारवलेले मासे स्वतःच्या हातानं रात्रभर पाण्यात भिजवते, तमालपत्र आणि मिरे घालून सिरक्यात मुरवते, आणि आठवडा झाल्याशिवाय कुणाला त्या माठाचं झाकण उघडू देत नाही. नवऱ्याच्या अंत्यविधीच्या आदल्या दिवशीसुद्धा तिनं माठ भरला होता.

ती उठून शीतकपाटाशी गेली आणि माठातला एक तुकडा तोंडात टाकला. खारट, आंबट, मग हलकीशी गोडी. नेहमीचीच चव. पण खरंच नेहमीची? फेब्रुवारीत ती तापानं आडवी झाली होती तेव्हा महिनाभर तिला कॉफी आणि कोमट पाणी यातला फरक कळत नव्हता. मग चव परत आली. निदान तिला तरी वाटलं, आली. आणि आली नसली तर? आपणच तर साखर दुप्पट घालत नाही आहोत?

"मागच्या वेळेबद्दल आभार गं!" जिन्यावरून हाक आली.

गेर्डा म्युगिन होती. रविवारी ती बोडिलकडं जेवायला आली होती, म्हणून हे आभार. आमच्याकडं ही रीतच आहे. कुणाबरोबर जेवणाखाणाला एकत्र बसलात, की पुढच्या भेटीत आधी हे आभार आणि मग बाकीचं बोलणं. तोंड आपोआप उघडतं, विचार करावा लागत नाही.

गेर्डानं चाळीस वर्षं दंतवैद्याच्या हाताखाली काढली होती. माणूस खोटं बोलताना जीभ कुठं ठेवतो हे मला दिसतं, असं ती म्हणायची. तिनं पत्र दोनदा वाचलं.

"मासा गेला तर गेला. जेवायला लोक येतीलच की."

"जागाच राहणार नाही गेर्डा." बोडिल म्हणाली. "गेल्या वर्षी करार नवा केला ना, त्यात घरमालकानं कलम घातलंय. दारावर मासा आहे तोवर तळघर माझं. मासा गेला की तीन महिन्यांत बाहेर. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, प्रेबेनलासुद्धा नाही."

गेर्डानं पत्राची घडी घातली. "शुक्रवार म्हणजे परवा. मला सांग, मंगळवारी ती हेरिंग कुणाच्या कुणाच्या हातातून गेली?"

२

प्रेबेन, म्हणजे वाढपी, बावीस वर्षं तिथं होता आणि त्यातली निदान दहा वर्षं गुडघ्यांबद्दल कुरकुरत होता.

"कुणाच्या हातातून म्हणजे? सगळ्यांच्याच," तो म्हणाला. "मंगळवारी लांब टेबल लावलं होतं. हेरिंगचं एकच मोठं भांडं, नेहमीसारखं. आत कार्नानं माठातून भरून दिलं, मी स्वयंपाकघराकडच्या टोकाला ठेवलं. मग हातोहात पुढं गेलं. आधी त्या शहर दाखवणाऱ्या मिकेलचे नऊ परदेशी पाहुणे. मग ओलुफ. मधे कोट टांगायच्या खुंट्या. आणि पार शेवटी, भिंतीकडं तोंड करून, हिरव्या मफलरचा एक काटकुळा माणूस."

"तोच परीक्षक," बोडिल पुटपुटली.

"मला काय ठाऊक! त्याच्या कपाळावर लिहिलंय होय? दर वर्षी नवा माणूस पाठवतात."

"बाकी कुणी तक्रार केली?" गेर्डानं विचारलं.

"पाहुणे? त्यांना वाळूची हेरिंग करून दिली तरी फोटो काढतील." प्रेबेन हसला. "उलट मंगळवार निवांत गेला. ओलुफसुद्धा शहाण्यासारखा जेवला. मला दोन हेलपाटे पडू नयेत म्हणून शेवटच्या माणसाकडं भांडं त्यानंच उठून नेऊन दिलं. माझे गुडघे वाचले."

"भांड्यात उरलं होतं काही?"

"काही नाही, रिकामं परत आलं. मी धुऊन टाकलं."

एवढ्यात जिन्यावर काठी आपटली आणि खुद्द ओलुफच उतरला. ओलुफ ब्राम्सेन, बंदरातला निवृत्त क्रेनवाला, समोरच्याच घरात दुसऱ्या मजल्यावर राहणारा. कांद्याची चकती जरा जाड पडली की अख्ख्या तळघराला ऐकू जाईल असं बोलणारा. कोपऱ्यातलं टेबल एके काळी त्याचं असायचं, रोज. हल्ली गर्दीमुळं त्याला फक्त मंगळवारी जागा मिळे.

"काय गं बोडिल, चेहरा का असा? कुणी मेलं का?"

बोडिलनं सांगितलं. करारातलं कलम सोडून सगळं सांगितलं. ओलुफनं काठीवर हनुवटी टेकवून ऐकलं.

"मासाच नेणार ना? नेऊ देत की," तो म्हणाला. "तो नव्हता तेव्हा काय तू उपाशी मरत होतीस?"

बोडिलला ते फार लागलं. इतक्या वर्षांचा माणूस, आणि हे बोलतो? तिनं पाठ फिरवली, कारण डोळे भरून आले होते.

"ओलुफ, तुझ्या पलीकडं बसलेला तो हिरव्या मफलरवाला," गेर्डानं सहज विचारलं, "ओळखीचा होता का?"

"छे. जन्मात पाहिला नाही त्याला."

गेर्डा त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. आता कार्नाशी बोलू या."

पण कार्ना स्वयंपाकघरात नव्हती. मागच्या अंगणात पाठमोरी उभी राहून ती कुणाशी तरी फोनवर बोलत होती, "बोडिलला अजून कळलेलं नाही. कळू देऊ नका."

३

"काय कळलेलं नाही?" बोडिलनं विचारलं, आणि कार्नाच्या हातातून फोन पडला.

सहा वर्षं बोडिलनं या मुलीला शिकवलं होतं. काळ्या पावावर लोणी काठापर्यंत कसं सारायचं, हेरिंगच्या पावाला मात्र लोण्याऐवजी डुकराची चरबी का, माशानंतर ताटली का बदलायची, सगळं. आणि आता ही पोर मान खाली घालून उभी.

"हॉटेलवाल्यांनी बोलावलंय," कार्ना रडत म्हणाली. "जानेवारीपासून. मी अजून हो म्हटलं नाही. तुझ्यापाशी विषय कसा काढायचा तेच कळत नव्हतं."

"आणि त्यांना काय, इथला मासा उतरलेला हवाय?" बोडिलचा तोल सुटला. "जाताना मला बुडवूनच जायचं होतं का?"

"बोडिल! मी? माझ्या हातानं? तुझी हेरिंग?"

"गप बसा दोघी." गेर्डा मधे पडली. "कार्ना, मंगळवारी भांडं भरताना चाखलंस?"

"दर वेळी चाखते. तिनंच सवय लावलीय. माठातलीच होती, देवाशपथ."

बोडिलच्या मनात दुसरीच भीती उठली. म्हणजे कार्नालाही ठीक लागली. पण कार्नाला चव शिकवली कुणी? आपणच. आपली जीभ बिघडली असेल तर हिचीही तशीच घडली असेल. तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. मात्र दुपारभरात चोरून चार वेळा माठ उघडला, आणि चौथ्या वेळी तिला खरोखरच काही कळेना.

मिकेल गुरुवारी सापडला, पुलाजवळ. लाल छत्री उंच धरून तो वीस माणसांना सांगत होता, "आता आपण जिथं जाणार आहोत, तिथं फक्त इथले लोक जेवतात!" गेर्डा फिस्सकन हसली.

"रोजच्या वीस खुर्च्या मागितल्या होत्यास ना तू?" तिनं त्याला बाजूला घेतलं. "बोडिलनं हाकलून लावलं."

"हाकललं नाही, नाही म्हणाली. आणि मला राग आला, हो. पण मासा गेला तर माझे पाहुणे तिथं येतील कशाला? मी माझ्याच पोटावर पाय देईन का?"

"मंगळवारी भांड्याला हात लावलास?"

"मी बसतच नाही. जिन्यापाशी उभा राहून हेरिंग आधी खा, मग मांस, असं ओरडत असतो. नाहीतर हे लोक चीजपासून सुरुवात करतात. विचार प्रेबेनला."

तळघरात परत येऊन विचारलं. खरं होतं. वर प्रेबेननं आणखी एक गोष्ट सांगितली, तीही ताटल्या पुसता पुसता, काहीच नसल्यासारखी. मंगळवारी चार वाजता बंद करताना गिऱ्हाइकांच्या संडासातल्या टोपलीत त्याला एक रिकामी काचेची बरणी सापडली होती. लेबल खरवडून काढलेली. आत सिरक्याचा वास.

"आणि हे तू आत्ता सांगतोस?" बोडिल किंचाळली.

"मला वाटलं कुणी पाहुण्यानं लोणचं खाल्लं असेल! पाहुणे काय वाटेल ते खातात."

गेर्डानं खुर्ची ओढली आणि बसली. "तुम्ही नोकर माणसं कुठला संडास वापरता?"

"अंगणातला. पुढच्याला आम्हाला बंदीच आहे, हिनंच केलीय."

"हं," गेर्डा म्हणाली. मग उठून कोट घालू लागली. "बोडिल, उद्या बाराला कोपऱ्यातलं टेबल ओलुफसाठी राखून ठेव."

"ओलुफसाठी? उद्या? माझं घर जळतंय आणि मी त्याला जेवायला बोलवू?"

"बोलव. आणि अध्यक्षबाई आल्या की तू अवाक्षर बोलू नकोस."

४

शुक्रवारी बोडिलनं पावणेबारापर्यंत तीनदा हात धुतले. पहिल्यांदा कामाचे होते म्हणून, नंतर काय करावं सुचेना म्हणून. ओलुफ कोपऱ्यात बसला होता, केस ओले करून विंचरलेले, खूश. "शुक्रवारी जागा! स्वप्नात तर नाही ना मी?" बोडिलनं त्याच्याकडं बघितलंही नाही. वर गल्लीत मिकेलचे पाहुणे थंडीत पाय आपटत रांगेत उभे होते.

बाराला अध्यक्षबाई आल्या. थोरा लिंडहार्ट त्यांचं नाव. उंच, पांढरे केस, हातात छोटी चामडी पेटी. त्या पेटीत स्क्रू काढायची अवजारं असणार हे बोडिलला बघताक्षणी कळलं. मागून हिरवा मफलर.

आणि तो हिरवा मफलर कोपऱ्यातल्या टेबलाजवळून जाऊ लागताच ओलुफ अर्धवट उठला, त्याचा उजवा हात पुढं गेला आणि तो म्हणाला, "मागच्या वेळेबद्दल आभार!"

"तुमचेही आभार, तुमचेही!" परीक्षकानं त्याचा हात धरून हलवला. "मंगळवारी म्हणता आलं नाही हो, मी कामावर होतो."

हात हातातच राहिले. ओलुफचा चेहरा एकदम पांढरा पडला.

"कुठली मागची वेळ?" गेर्डानं गोड आवाजात विचारलं.

"इंगर म्हणून आमच्या दोघांच्या ओळखीची आहे, तिच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस," परीक्षक म्हणाला. त्याला कशाचाच पत्ता नव्हता. "सप्टेंबरात. आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. काय कडक दारू होती, ती स्नॅप्स!"

"आणि पाचव्या पेल्यानंतर तुम्ही यांना सांगितलंत की यंदाचे परीक्षक तुम्ही आहात."

परीक्षकाचे कान लाल झाले. अध्यक्षबाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो मफलरमध्ये बुडाला. "तसं... ओघात निघालं. हे म्हणाले, बोडिलकडं जाणार असाल तर मंगळवारी जा, मी असतो."

"ओलुफ, तू तर या माणसाला जन्मात पाहिलं नव्हतंस," गेर्डा म्हणाली.

ओलुफ खाली बसला.

"हे घडलं नसतं तरी मला कळलं होतं," गेर्डा अध्यक्षबाईंकडं वळली. "फक्त यांना तुमचा माणूस ओळखू कसा आला, तेवढंच सुटत नव्हतं. आता बघा. भांडं स्वयंपाकघरातून निघालं. वाटेत नऊ पाहुणे, ज्यांना बरणीतली आणि माठातली सारखीच. मग ओलुफ. कांद्याची चकती केसभर जाड पडली तरी आकाशपाताळ एक करणारा माणूस. भांड्यात आधीपासून कारखान्यातली हेरिंग असती तर या माणसानं इमारत डोक्यावर घेतली असती. मंगळवारी तो शब्द बोलला नाही. म्हणजे त्याच्यापर्यंत ती चांगलीच होती. त्याच्यानंतर उरले फक्त तुमचे परीक्षक. आणि भांडं त्यांच्यापर्यंत नेलं कुणी? ओलुफनं, स्वतः उठून. मी त्याला तीस वर्षं ओळखते, जेवताना आग लागली तरी तो उठायचा नाही. वाटेत खुंट्या, खुंटीवर त्याचा कोट, कोटाच्या खिशात बरणी आणि रिकामा डबा. उरलेले तुकडे सिरक्यासकट डब्यात, बरणीतले भांड्यात, त्याची भिंतीकडं तोंड केलेल्या माणसाला चाहूलही लागली नाही. रिकामी बरणी पुढच्या संडासात, जिथं इथले नोकर जात नाहीत."

बोडिलला वाटलं, आता ओलुफ हसेल आणि म्हणेल, वेडी झालीस का गेर्डा. तिला ते मनापासून हवं होतं.

ओलुफ हसला नाही.

५

"मला फक्त मासा उतरायला हवा होता," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "तुझं वाईट नव्हतं करायचं बोडिल. मासा आला आणि आम्ही गेलो. रोजचं टेबल गेलं. वरच्या मजल्यावरचे योर्गेनसेन नवराबायको आता दुकानातला टिनचा डबा उघडून खातात. माझी बायको एल्से, तिला जाऊन वर्ष झालं ना ऑगस्टात, तेव्हा मी आलो होतो. तिच्या आवडीची हेरिंग खायला. प्रेबेन म्हणाला, आरक्षण आहे का? मला! वाटलं, मासा गेला की हे छत्रीवाले जातील आणि सगळं पहिल्यासारखं होईल."

"मासा गेला की मी जाते!" बोडिल ओरडली. दोन दिवसांचं सगळं एकदम बाहेर पडलं. "करारात आहे तसं! तीन महिन्यांत तळघर रिकामं! इथं तळलेले बटाटे विकणारे येतील, मग जा त्यांच्याकडं एल्सेसाठी! मला वाटलं माझी जीभ गेली, ओलुफ. दोन दिवस मी माझाच माठ चाखतेय आणि मला कळत नाहीय, कळतंय का तुला, मला माझ्याच हातचं कळत नव्हतं!"

ओलुफनं तोंडावर हात ठेवला. "कराराचं मला ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलंच नाही."

अध्यक्षबाईंनी पेटी टेबलावर ठेवली. "हेरिंग आणा," त्या शांतपणे म्हणाल्या.

कार्नानं आणली. काळा पाव, चरबी, वर हेरिंग आणि कांदा. परीक्षकानं खाल्ली. त्यानं घास गिळला, मग दुसरा घेतला, मग मान खाली घालून तिसरा.

"ही अशी खाऊन मला वर्षं झाली," तो म्हणाला.

बोडिलनं भिंतीला हात टेकला. जीभ शाबूत होती. तिला एवढंच ऐकायचं होतं, असं तिला त्या घटकेला वाटलं.

"मासा राहील," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण बाई, एक विचारते. मी येताना रांग पाहिली. या गल्लीतले किती जण जेवतात तुमच्याकडं?"

प्रेबेननं खोकल्यासारखं केलं.

"आमच्या नियमावलीत पहिलं कलम हेरिंगचं नाही. शेजारी जिथं जेवतात ती जागा, असं आहे. या माणसानं केलं ते वाईटच, पण तो म्हणाला ते मला विसरता येत नाही. वसंतात मी परत येईन, न सांगता. तेव्हा ताटलीत काय आहे ते बघणार नाही. खुर्च्यांवर कोण आहे ते बघेन." त्यांनी पेटी उचलली, परीक्षकाला दंडाला धरलं आणि जिना चढून गेल्या.

वरून मिकेलनं डोकावून विचारलं, "झालं का? माझे लोक गारठलेत. आणू खाली?"

बोडिलनं तळघरावरून नजर फिरवली. अठ्ठावीस खुर्च्या. त्यातल्या एकीवर गेर्डा, एकीवर ओलुफ.

"एक वाजता आण," ती म्हणाली. "बारा ते एक गल्लीचं. रोज."

"रोज? अगं, निम्मे निघून जातील!"

"जाऊ देत."

मिकेल काहीतरी पुटपुटत वर गेला. ओलुफ एव्हाना उठला होता आणि खुंटीवरचा कोट काढत होता. बाही सापडत नव्हती त्याला. कुणी मदतीला गेलं नाही.

"मी परत येणार नाही," तो खाली बघत म्हणाला. "तोंड दाखवायला जागा नाही मला. तू म्हणशील तिथं लिहून देतो, मंडळाला, घरमालकाला, कुणालाही."

"कुठं निघालास?"

"घरी."

"वाटेत योर्गेनसेनांची घंटा वाजव. त्यांना म्हणावं, डबा ठेवा आणि खाली या. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनाही सांग. आणि मग तू परत ये. आज, उद्या, रोज बारा वाजता. वसंतात ती बाई येईल तेव्हा तू मला या खुर्चीवर दिसला पाहिजेस. एक दिवस चुकलास तर मीच वर येऊन तुला ओढत आणीन."

ओलुफ कोटाची एक बाही घालून तसाच उभा राहिला. "म्हणजे तू मला माफ..."

"मुळीच नाही!" बोडिल म्हणाली. "तुला मी माफ केलेलं नाही आणि इतक्यात करणारही नाही. मला तुझी गरज आहे, ते वेगळं. जा आता, घंटा वाजव. भांडं भरायला घेते मी."